नागपूरला, बंगळूरमार्गे

नारायण पेठेतून पहाटे रिक्षात बसले, तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं चाललात, मावशी?"

"विमानतळावर."

"ते बॅगेवरनं कळलं. पुढं कुठं?"

"नागपूरला. बंगळूरमार्गे."

त्याने आरशातून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बराच वेळ काहीच बोलला नाही. पुण्यात रिक्षावाला गप्प बसला की प्रकरण गंभीर आहे असं समजावं. शेवटी येरवडा मागे पडल्यावर म्हणाला, "माझं घर लोहगावातच हाय. दिवसभर डोक्यावरनं विमानं जात्यात. मग नागपूरचं कुठं गेलं?"

हाच प्रश्न मी विमान कंपनीला गेले दोन दिवस विचारत होते, आणि तिथून इतकं सरळ बोलणारं कुणी भेटलं नव्हतं.

माझा धंदाच तिकिटांचा. पेठेत एका जिन्याखाली माझं छोटंसं ऑफिस आहे. विमान, रेल्वे, बस, जे म्हणाल त्याचं तिकीट मी काढून देते. त्यामुळे नागपूर पूर्वेला आहे आणि बंगळूर दक्षिणेला, हे मला नकाशा न बघता ठाऊक आहे. आपल्याकडे सरळ काम लांबच्या वाटेने करण्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. तिकिटाचे पैसे घेऊन तो करून घेणारी मंडळी मात्र मी यंदाच पाहिली.

मला नागपूरला जायचं होतं ते बारशाला. माझा धाकटा भाऊ नंदू नोकरीच्या निमित्ताने नागपूरला गेला आणि तिथलाच झाला. बायको श्रुतीही तिथलीच. पुष्कळ वर्षं दवाखान्यांचे उंबरठे झिजवून झाल्यावर त्यांना मुलगी झाली. आमच्या घरात आता नंदू आणि मी, दोघंच. आई-वडील गेले, दुसरी बहीण नाही, आणि मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. नंदूला आता दुसरं मूल व्हायचं नाही, म्हणजे हा मान मला आयुष्यात एकदाच मिळायचा होता. नावही मीच सुचवलेलं. रेवा.

तिकीट मी सकाळच्या थेट विमानाचं काढलं होतं. चहा पुण्यात घ्यायचा आणि पोहे नागपुरात, असं ते सोयीचं विमान. पण बारसं दोन दिवसांवर आलं आणि कंपनीचा संदेश आला: वेळापत्रकातील बदलामुळे आपला प्रवास सुधारित करण्यात आला आहे. सुधारित! पुणे ते बंगळूर, मग बंगळूर ते नागपूर. फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, बदलत्या मार्केटनुसार आम्ही नेटवर्कची फेररचना करतोय." मी म्हटलं, "बाई गं, तू नेटवर्कची कर, मी माझ्या भाचीच्या बारशाला कशी जाऊ ते सांग." त्यावर तिने मला गाणं ऐकवत ठेवलं.

रेल्वेला जागा नव्हती, हे मी स्वतःच इतरांना रोज सांगत होते. बसने जावं तर माझ्या कमरेला पट्टा. शिवाय कागदावर सगळं जमत होतं. बंगळूरला विमान बदलून मी त्याच दुपारच्या बाराच्या पाळण्याआधी आरामात पोचणार होते. कागदावर सगळंच जमतं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी श्रुतीच्या आईला, निर्मलाताईंना, फोन केला. नंदूच्या लग्नात नवरदेव बोहल्यावर उभा राहून घामाघूम झाला तरी यांच्याकडची मंडळी सावकाश सरबत घेत होती, हे मी विसरलेले नव्हते. मी बजावलं, "पाळणा बारा म्हणजे बाराला हलला पाहिजे. कुणासाठी थांबायचं नाही. आमच्या पुण्यात वेळ म्हणजे वेळ." त्या बिचाऱ्या "हो जी ताई, हो जी" म्हणाल्या.

विमानतळावर पोचले, तर आमचं बंगळूरचं विमान अजून आलेलंच नव्हतं. खुर्च्या भरलेल्या, कॉफीच्या दुकानासमोर ही रांग. शेजारच्या गृहस्थांनी पिशवी मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. आडनाव भोयर, गाव भंडाऱ्याजवळ, हडपसरला कारखान्यात फिटर.

"तुम्हीबी नागपूरले का ताई?"

"हो. बंगळूर पाहून."

ते मनापासून हसले. "मी तं दर दिवाळीले थेट जात होतो. लेकराले पहिल्यांदा विमानात बसवलं तं त्याच विमानात. आता हे काय करून राहिले बाप्पा?" उद्या त्यांच्या धाकट्या भावाचं साक्षगंध (साखरपुडा) होतं. "म्हणून मी आजच निघालो. या लोकायचा काही भरवसा नाही," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, किती हा अविश्वास! तिकिटं विकणारी मी, आणि शहाणपण यांच्याकडे होतं.

समोरच्या गेटवर एक विमान लागलं होतं. त्याच कंपनीचं, आमच्या जुन्या नागपूरच्या वेळेला. ते निघालं होतं परदेशी, समुद्रकाठच्या कुठल्याशा सुट्टीच्या गावाला. गळ्यात उशा अडकवलेली मंडळी फोटो काढत आत शिरत होती. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं विमान कुठेही हरवलं नव्हतं. ते डोळ्यांसमोर उभं होतं, फक्त आमच्यासाठी नव्हतं.

आता माझं ऐका, कारण हे मी काउंटरच्या या बाजूने वर्षानुवर्षं पाहिलंय. नागपूरचं विमान रिकामं जात नव्हतं. मीच भरून देत होते ना! हडपसरचे, वाघोलीचे, खराडीचे लोक माझ्याकडे यायचे. कारखान्यातले, कॉम्प्युटरवाले, बाळंतपणाला निघालेल्या मुली, परीक्षेला जाणारी पोरं. पण ही माणसं भाव बघून तिकीट काढणारी, आणि सुट्टीला परदेशी जाणारा भाव बघत नाही. आधी या मार्गावर दुसरीही एक कंपनी होती. ती गेली, आणि मग हिला रान मोकळं मिळालं. हिने हिशोब केला, की नागपूरकर जातो कुठे? बंगळूरला फिरवला तरी येईलच. उलट दोन विमानांत बसेल, आणि बंगळूरचं विमानही भरेल. याला म्हणे धोरण! आमच्या पेठेत याला दुसरा शब्द आहे, पण तो छापण्यासारखा नाही.

विमान एकदाचं उडालं. खाली उजनीचं पाणी सकाळच्या उन्हात चकाकत होतं, उसाचे हिरवे तुकडे, मग काळी रानं, मग हळूहळू लाल माती. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी प्रत्येक सुंदर गोष्ट मला नागपूरपासून लांब नेत होती. नाश्ता म्हणून कागदी पेल्यात कोरडा उपमा आला. त्यावर गरम पाणी ओतून झाकण लावून थांबायचं. थांबले. झाकण काढलं, तर वर पाणी आणि खाली रवा, दोघांची ओळखच झालेली नव्हती. भोयरांनी पिशवीतून चपाती आणि ठेचा काढला आणि न विचारता अर्धी चपाती माझ्या हातावर ठेवली. कंपनीच्या साऱ्या प्रवासात पोटाला लागलेली गोष्ट तेवढीच.

बंगळूरचा विमानतळ देखणा आहे, नाही म्हणणार नाही. आत झाडं, पाण्याचा आवाज, लाकडी छत. मी त्या सौंदर्यातून कमरेचा पट्टा सावरत पळत होते. भोयर माझी बॅग घेऊन पुढे. बॅगेत बाळंतविडा होता. झबली, टोपडी, दुपटं, चांदीचे वाळे. गेटवर पोचलो, तर काचेपलीकडे आमचं नागपूरचं विमान उभं होतं आणि दार लावलेलं होतं. मी काचेवर हात आपटला. ते सावकाश मागे सरकलं आणि गेलं.

काउंटरवरच्या माणसाला मी मराठीतच फैलावर घेतलं. राग परभाषेत येत नाही. तर तो शांतपणे मराठीत म्हणाला, "बाई, रागावू नका की वो. मी बेळगावचा."

"मग कळत असेल तुम्हाला! तुमचंच विमान उशिरा आणलंत, आणि तुमचंच दुसरं विमान आमच्यासाठी थांबत नाही?"

"बंगळूर आमचं हब आहे वो. इथनं सगळी विमानं वेळेवर सुटायला लागतात."

"हब तुमचं, कंबर माझी," मी म्हटलं. "आणि बारसंही माझं."

बारसं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. बोटं भराभर चालवत त्याने आम्हा दोघांना पुढच्या विमानात बसवलं आणि हळूच म्हणाला, "आमच्या गावचंही एक विमान असंच काढलं वो. आई विचारते, तू विमानाच्या कंपनीत आहेस, मग घरी यायला रात्रभर बस का? काय सांगू तिला?" त्याच्यावर काढायला माझ्याजवळ राग उरला नाही. पण कंपनीवरचा दुप्पट झाला.

नवीन विमान लगेच निघणार होतं. वेळेत सुटलं, तर बाराला धापा टाकत का होईना मी पाळण्याशी पोचत होते. नंदूला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, नाहीच जमलं तर व्हिडिओ कॉलवर करू या का?"

"व्हिडिओ कॉलवर कुर्र करायला मी काय कॉल सेंटर उघडलंय? येते मी. पोचते वेळेवर!"

विमानात बसलो. दारं लागली. फोन बंद करा, अशी सूचना झाली आणि मी फोन बंद केला. पूर्ण बंद. मग विमान जे जागच्या जागी उभं राहिलं, ते हलेचना. पुढे विमानांची रांग आहे, परवानगी मिळताच निघू, असं सांगत राहिले. आजूबाजूला सगळ्यांचे फोन चालू. कुणी बोलतंय, कुणी क्रिकेट बघतंय.

भोयर म्हणाले, "ताई, घरी सांगून द्या न. थांबतीन थोडे."

"बंद ठेवा म्हणालेत ना?"

"सारेच बोलून राहिले की. घ्या, माह्या फोनवरून लावा."

"नियम म्हणजे नियम, भोयर. आणि निघेलच आता."

आता, आता करत उन्हं चढली. मी हातातल्या घड्याळाकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तिकडे पाळणा सजत होता. ढसाढसा रडावंसं वाटलं. पण खुर्चीचा पट्टा बांधलेल्या स्थितीत रडायचीही सोय नसते. विमान उडालं, तेव्हा बारा वाजायला आले होते.

नागपूर वरून सपाट दिसतं, ऐसपैस. तलाव, मोठाली झाडं, पांढऱ्या गच्च्या. उतरताच अंगावर गरम वारा आला. फोन चालू केला, तर नंदूच्या न घेतलेल्या फोनांची रांगच लागलेली. त्यानंतर काहीच नाही. शांतता. भोयरांनी बॅग रिक्षात ठेवली. "जा ताई, लवकर जा. लेकरू काही पळून नाही जात," असं म्हणून हात जोडून ते भंडाऱ्याच्या बसकडे वळले.

निर्मलाताईंचं घर त्रिमूर्तीनगरात. दारातली रांगोळी पायांनी पुसली होती. चपला मोजक्याच. आतून घुगऱ्यांचा वास. कोपऱ्यात पाळणा, झेंडूच्या माळा उन्हाने मलूल झालेल्या. श्रुती मला बघून उठली आणि तिचे डोळे भरले. नंदू खाली मान घालून उभा. मला कळलं.

निर्मलाताई पाण्याचा पेला घेऊन पुढे आल्या. "ताई, आम्ही फोन लावून लावून थकलो जी. तुमचा बंद. सारे म्हणत होते, थोडं थांबू. मीच म्हटलं, पुण्याच्या ताईंनी बजावून सांगितलं आहे, वेळ म्हणजे वेळ. उशीर केला तर येऊन रागावतील. मग शेजारच्या वैद्य काकूंनी कुर्र केलं."

आयुष्यात पहिल्यांदा नागपूरकरांनी घड्याळ पाळलं, आणि तेही माझ्या धाकाने. मी मटकन खाली बसले आणि रडले. भावासमोर, विहिणीसमोर, हमसून हमसून रडले. रडता रडता बडबडत होते, "मेल्यांनी विमान काढून घेतलं हो माझं. सरळ जाणारं विमान होतं. काय वाईट करत होतं कुणाचं?"

नंदूने फोटो दाखवले. मी का पाहिले कोण जाणे. पाळण्याशी वाकलेल्या वैद्य काकू, मागे बायकांचा घोळका, हात उगारलेले. कुर्र करणाऱ्या आत्याच्या पाठीत सगळ्या जणी बुक्के मारतात ना, ते त्या काकूंच्या पाठीत पडत होते. माझ्या वाट्याचे!

श्रुतीने पुढ्यात सांबारवडी ठेवली. सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर. वरचं कवच कुरकुरीत, आत तिखट सारण, बरोबर आंबटसर कढी. रडून झाल्यावर भूक लागते, ती लागलीच. खाताना निर्मलाताई समोर बसून होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ताई, हात धुऊन घ्या. आपण पुन्हा ठेवू नाव."

"दोनदा नाव ठेवतात का कुठे?"

"काहून नाही ठेवत? पाळणा अजून सोडला कुठे? कोण पाहून राहिलं?"

माझ्यातली पेठ म्हणत होती, की हे शास्त्रात बसत नाही. पण शास्त्र पाळून मला काय मिळालं होतं, ते मी नुकतंच पाहिलं होतं. हात धुतले. बाळंतविडा पाळण्यात ठेवला, इवल्या पायांत वाळे घातले. बाळ झोपेत ओठ हलवत होतं. नाक आमच्या बाबांचं. मी वाकले, त्या कानाच्या पाकळीशी तोंड नेलं, म्हटलं, "कुर्र... रेवा."

आणि पाठीत असा दणका बसला की कमरेचा पट्टा कळवळला. वळून पाहते, तर निर्मलाताई, मूठ अजून वळलेलीच.

"अहो, एवढ्या जोरात?"

"साऱ्या बाया घरी गेल्या जी," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वाटचा मीच देऊन टाकला."

बाळ दचकून जागं झालं आणि घर डोक्यावर घेतलं. मी हसत होते की रडत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

परतीचं तिकीटही बंगळूरवरूनच होतं. ते मी रद्द केलं आणि कमरेला चार शिव्या देऊन रात्रीच्या खासगी बसने निघाले. बसमध्ये चढले आणि थबकले. कंपनी म्हणत होती, थेट विमानाला मागणी नाही. मागणी इथे होती. पाय मुडपून, बॅगा उशाशी घेऊन, वर-खाली दोन्ही फळ्यांवर निजलेली. कॉम्प्युटरवाली मुलं, तान्ह्या बाळाला घेतलेली आई, दोघे म्हातारे. यांतल्या निम्म्यांना तरी मी एके काळी विमानात बसवलं असतं. सकाळी हडपसरला गाडीतळावर बस अर्धी रिकामी झाली, आणि माणसं डोळे चोळत, तिथूनच कामाला निघाली. घरी जाऊन अंघोळ करायलाही अनेकांना सवड नव्हती.

स्वारगेटला उतरले, तोवर कंपनीचा संदेश आला होता. आपला प्रवास कसा झाला? कृपया तारे द्या. त्यांच्या दृष्टीने तसं काहीच बिघडलं नव्हतं. प्रवासी ठरल्या दिवशी, ठरल्या गावी, बॅगेसकट पोचला. उशिराबद्दल खेद. वैद्य काकूंच्या पाठीत पडलेले बुक्के कुठल्या रकान्यात धरतात, ते काही त्यात विचारलं नव्हतं. मी एकही तारा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं. पाठ अजून ठणकत होती. त्यातली बसची किती आणि निर्मलाताईंची किती, याचा मी शोध लावला नाही, राहू दिली तशीच. पहिलाच माणूस आला तो विचारत, "नागपूरचं डायरेक्ट आहे का हो?" त्याला नाही म्हटलं, मग पुठ्ठा घेतला, जाड पेन घेतलं आणि पाटी लिहून काउंटरवर लावली. लोक वाचून हसतात. हसू देत. पाटी अजून तिथेच आहे:

नागपूरला थेट विमान नाही. कारण आम्हांस विचारू नये. आत्यांनी आदल्या दिवशी निघावे.